मदर वरीड

त्या गावात कुणाची ना कुणाची आई बारमाही सिरियस असायची. सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडचं, पाण्याला महाग असलेलं गाव. घरटी एक माणूस पलटणीत. जत्रा आली, लग्न निघालं, विहिरीचं काम काढलं, की पलटणीत तार जायची: 'मदर सिरियस, कम सून.' तार करायला तालुक्याला जाणारा पोस्टमन सायकल टेकवतानाच विचारायचा, "आज कुनाची आय पाडायची आजारी?" आणि ती आई समोरच जोंधळा पाखडत बसलेली असायची. सगळ्यात मोठ्यानं तीच हसायची.

बासष्टच्या लढाईनंतर वर्षभरानं मी तिथं प्राथमिक शाळेत बाई म्हणून गेले. सांगलीची पोर, वय एकोणीस, नाकावर राग आणि पेटीत डिक्शनरी. आमचे वडील हळदीच्या पेठेत एका अडतीवर इंग्रजी पत्रव्यवहार बघायचे. ते म्हणायचे, "शब्दाला हात सढळ नको. हळकुंडासारखा तोलून टाकावा." मी ते इतकं मनावर घेतलं होतं की कुणी 'फार छान' म्हणालं तर 'फार' कशाला, असं तोंडावर विचारायची. असला अकलेचा कांदा होते मी.

खोली मिळाली ती एका म्हाताऱ्या विधवेच्या घरात. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखलेलं घर, आता दोन शेळ्या आणि तुकडाभर रान उरलं होतं. एकुलता एक मुलगा पलटणीत. त्याला सहीपुरतंच लिहिता यायचं, म्हणून पत्रं तो सोबत्यांकडून लिहवून घ्यायचा. दर खेपेला हात वेगळा. म्हातारीला वाचता येत नव्हतं, पण अक्षराचं वळण बदललेलं तिला बरोबर दिसायचं. लढाईपासून तिनं डोक्यात घेतलं होतं, की पोरगं गेलंय आणि पलटणवाले आळीपाळीनं पत्रं लिहून आपली समजूत घालतायत.

मी चिडायची. "अहो मावशी, खुशालीचं पत्र आहे हे!"

"तुमी वाचताय त्ये खरं वो बाई. पर लिवनारा कोन हाय? माझं लेकरू हाय का न्हाई, येकदा हात लावून बघू द्या. मग ऱ्हाऊ द्या तिकडंच."

हळूहळू तिचं खाणं तुटलं. भाकरी मोडायची, दोन घास चिवडायची आणि उरलेली शेळीपुढं टाकायची. वैद्यानं नाडी बघितली आणि रोग काही नाही म्हणाला. एके सकाळी तीच माझ्यापुढं कागद घेऊन आली. "सायबाला लिवा. म्हनावं, चार दिस धाडा त्याला."

पोस्टमन म्हणाला, "बाई, इचार कसला करताय? सिरियस टाका की!"

मला अपमान वाटला. म्हातारी चालत-फिरत होती, शेळ्यांची धार काढत होती. खोटं मी लिहिणार नव्हते, आणि लिहिलं असतं तरी त्या गावच्या 'सिरियस'वर कुठला साहेब विश्वास ठेवणार होता? मी दोन दिवस डिक्शनरी घेऊन बसले. 'पेन' नको, तिचं दुखत काही नव्हतं. 'ग्रीफ' माणूस गेल्यावरचं, इथं माणूस जिवंत. 'डिस्ट्रेस' मला बुडत्या जहाजाचा वाटला. मग 'अँग्विश' सापडला. आज सांगते, तोच बरोबर होता. मी त्याच्यावर बोटही ठेवलं होतं. पण मनात आलं, शेळ्या वळणाऱ्या म्हातारीला एवढा भारी शब्द? साहेब म्हणेल, मास्तरीण मिरवतेय. 'अ‍ॅगनी'च्या तर मी वाटेलाच गेले नाही. शेवटी लिहिलं, मदर इज व्हेरी वरीड. आणि वडिलांची आठवण होऊन 'व्हेरी' खोडलं.

तिचं दुःखही मी तिच्या लुगड्याइतकंच स्वस्त धरलं. दुसरं काही नाही.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं, इंग्रजीत, टाइप केलेलं. प्रत्येक जवानाची आई काळजीत असते. सुट्टी पाळीप्रमाणे मिळेल. त्यात साहेबाचं काय चुकलं? मी लिहिलं होतं तेवढंच त्यानं वाचलं. म्हातारीला मी सांगितलं, "पाळी आली की येतील." ती म्हणाली, "म्हंजी न्हाई त्यो."

जोंधळ्याच्या काढणीत ती गेली. आदल्या दिवशीपर्यंत शेळ्यांना पाणी दाखवत होती. त्या दिवशी पोस्टमननं तार नेली ती खरी होती, आणि मुलगा पाचव्या दिवशी ट्रंक घेऊन दारात उभा राहिला. धडधाकट, उन्हानं रापलेला. आई असती तर तिनं डोक्यापासून पायापर्यंत चाचपला असता.

तो मला म्हणाला, "बाई, सायबाला तुमी काय लिवलं हुतं?"

साहेबाचं पत्र माझ्या पेटीत होतं. मी म्हणाले, "अ‍ॅगनी लिहिलं होतं."

"म्हंजी?"

"म्हणजे जीव जायची वेळ येईल इतका त्रास. त्याच्या वरचा शब्द इंग्रजीत नाही."

जीभ उचलली आणि टाळ्याला लावली! त्यानं तो शब्द दोनदा म्हणून बघितला. "आन येवढं वाचून त्यो न्हाई म्हनला," एवढंच बोलला, आणि आईचे दिवस उरकून परत गेला.

पासष्टची लढाई झाली. पुढच्या वर्षी तो सुट्टीवर आला तेव्हा डावा हात गळ्यात बांधलेला होता. संध्याकाळी माझ्या उंबऱ्याशी येऊन बसला. बराच वेळ सुपारी कातरल्यासारखं इकडचं तिकडचं बोलला आणि मग म्हणाला, "बाई, त्यो सायब गेला. माझ्या शेजारीच पडला. पानी मागत हुता. बाटली माझ्याजवळ हुती."

मी कंदील पुढं सरकवला.

"दिलं मी. न्हाई असं न्हाई. पर जरा थांबलो. म्हनलं, माझ्या आयची अ‍ॅगनी वाचून ह्यो गप बसला. तेवढ्यात त्याची मान कलली. पानी व्हटावरनं खाली आलं." मग माझ्याकडं वर बघून त्यानं विचारलं, "चुकलं का वो माझं?"

"नाही," मी म्हणाले. "तुमचं काही चुकलं नाही."

हे खरं होतं. ते का खरं होतं, एवढं सांगायची मात्र माझी छाती झाली नाही. पेटी चार हातांवर होती, पत्र तिच्यात होतं. मी उठून चहा टाकला.

त्यानंतर मला त्या घरात राहवेना. हेडमास्तर म्हणाले, बदलीचा अर्ज इंग्रजीत करा, वजन पडतं. मी एका बैठकीत लिहिला. वडील म्हातारे झालेत, मी एकटी आहे, एक्स्ट्रीम मेंटल अ‍ॅगनीमध्ये आहे. डिक्शनरी उघडली नाही, काही तोललं नाही, काही खोडलं नाही. महिन्याभरात सांगलीकडं बदली झाली.

निघायच्या दिवशी तो अजून गावातच होता. नको नको म्हणताना बऱ्या हातानं माझी पेटी उचलून फाट्यापर्यंत आला. ती एस.टी.वर चढवायला देताना कंडक्टरला म्हणाला, "बाईंची पेटी संबाळून न्या बरं का. माझ्या आयसाटनं लय मोठा शब्द लिवला हुता त्येंनी."

कंडक्टर हसला, आणि मी सांगलीचं तिकीट मागितलं.