पिकअपची उंची

नव्या टायरचा वास आला की ठाकुर्लीजवळचं ते दुकान आठवतं. मी घरातला पहिला पदवीधर झालो, त्या आनंदात बाबा आमच्या भाजीच्या पिकअपला गाडी उंच करणारं लिफ्ट किट, अलॉय चाकं आणि रुंद टायर निवडायला आईला आणि मला घेऊन गेले होते. ते टायरच्या खाचांवरून बोट फिरवत राहिले. दुकानदार म्हणाला, "काका, गाडी रणगाडा दिसेल!" बाबांनी मात्र आईच्या दुखऱ्या गुडघ्यांकडे पाहिलं. आई म्हणाली, "घ्या की हो, किती वर्षं नुसतं बघताय? मला हात द्या, चढेन मी." "आणि मी नसलो तर?" असं म्हणत बाबांनी हसून साधेच टायर घेतले. आता पिकअप मी चालवतो. आई कुणाचाही हात न धरता चढते. वाटतं, गाडी उंच हवी होती, आणि हात द्यायला बाबा.