जनाना डब्यातली शिफारस

वीरभद्राच्या तोंडी लागायला पूर्णेत कुणी धजत नसे. स्टेशनाच्या रस्त्यावर त्यांचं गूळ-तेलाचं दुकान होतं. गादीवर थोरला भाऊ कल्याणराव बसे आणि तागडीपाशी वीरभद्र. गिऱ्हाइकानं नुसतं "चांगला गूळ हाय ना?" म्हटलं, तरी हा त्याच्याकडं असा बघे, की माणूस मिळेल ते घेऊन चालू लागे.

"गिऱ्हाइकं तोडायलास तू," कल्याणराव वैतागून म्हणे. "तुला कुनी शिकिवलं रे एवढं?"

शिकवलं होतं हैदराबादेनं. वीरभद्र तिथं उर्दूतून पदार्थविज्ञान शिकला, एम.एस्सी.ला पहिल्या वर्गात आला आणि एका प्रयोगशाळेत कामाला लागला. विहिरींच्या पाण्यातून किरणोत्सर्ग किती निघतो, ते मोजायचं काम. त्याच्या वर्गातला बन्सीधरही तिथंच होता. बन्सीधर मोजमापाच्या खोलीत क्वचित दिसे, प्रयोगशाळेच्या मुख्य साहेबांच्या दिवाणखान्यात मात्र हमखास. बाहेरगावचा विद्वान आला की त्याला उतरवून घ्यायला बन्सीधर, गोवळकोंडा दाखवायला बन्सीधर, सणाला साहेबांच्या घरी मिठाई घेऊन बन्सीधर. वीरभद्राच्या मोजमापांवर नाव बन्सीधरचं लागे, आणि कायमची जागा निघाली तीही त्यालाच मिळाली. वीरभद्रानं भर प्रयोगशाळेत साहेबांना सुनावलं, "तुम्हाला संशोधक नको, हुजऱ्या पाहिजे." आणि ट्रंक उचलून पूर्णेला आला. ही एक्केचाळीस सालची गोष्ट.

दुकानाच्या माडीवर त्यानं आपलं काम पुन्हा मांडलं. काचेच्या बरणीत सोन्याच्या वर्खाच्या दोन बारीक पट्ट्या टांगलेल्या. विद्युतभार दिला की त्या फाकत, आणि पाण्यातून निघणाऱ्या वायूमुळं हळूहळू मिटत. जितक्या लवकर मिटतील तितका किरणोत्सर्ग जास्त. आसपासच्या गावांतून तो घागरी भरून आणी. लोक हसत. मुंबईला, कलकत्त्याला त्यानं कामाची माहिती कळवली. कुणी उत्तर दिलं नाही. एकानं दिलं, त्यात विचारलं होतं, आपण कुणाच्या ओळखीचे?

तो कागद त्यानं बायकोसमोर फाडला. गंगम्मा चुडाव्याच्या व्यापाऱ्याची लेक. शाळा जेमतेम चार इयत्ता, पण चार माणसांत वावरलेली.

"ओळख इचारली त्यात काय वाईट केलं?" ती म्हणाली. "आमचे आप्पा तर इचारल्याशिवाय बैल सुदिक घेत न्हाईत."

"मी बैल आहे?"

"बैल तरी हंबरतो. तुमाला निस्तं शिंगं मारता येतात."

त्या दिवशी तो जेवला नाही. तिनंही आग्रह केला नाही.

दिवाळीच्या आधी स्टेशनमास्तर दुकानात तेल न्यायला आला आणि सांगून गेला, की हैदराबादच्या त्या प्रयोगशाळेचे नवे मोठे प्रोफेसर व्यंकटराव उद्याच्या गाडीनं मनमाडकडं जायलेत. जुने साहेब जाऊन हे आले होते. पूर्णेला इंजिन पाणी घ्यायचं. तेवढा वेळ गाडी थांबायची.

दुसऱ्या दिवशी वीरभद्र धुतलेला कोट घालून फलाटावर गेला. गंगम्माही मागोमाग निघाली. गाडी लागली. पहिल्या वर्गाच्या दारात बन्सीधर उभा.

"सर आराम करताहेत," तो म्हणाला. "काय निरोप असेल तो मला सांग."

"तुला? तुला सांगून तो तुझ्याच नावानं पोचायचा." वीरभद्रानं त्याला खांद्यानं बाजूला सारलं.

आवाज ऐकून व्यंकटराव खिडकीशी आले. शांत, जाड भिंगांच्या चष्म्याचा माणूस. "कोण आपण?"

इथं त्यानं नाव सांगायचं, काम सांगायचं, नमस्कार करायचा. सगळं पाठ करून आला होता. पण मागं बन्सीधर हसल्यासारखं झालं आणि वीरभद्राच्या तोंडून निघालं, "ज्याचं काम चोरून तुम्ही माणसं पोसता, तो मी."

व्यंकटरावांनी त्याच्याकडं नीट पाहिलं आणि झडप खाली ओढली.

गाडी हलली तेव्हा तो फलाटावर एकटाच होता. गंगम्मा कुठं दिसेना. संध्याकाळच्या गाडीनं ती परत आली, पदर सारखा करत, दमलेली पण ताठ.

"कुठं गेली होतीस?"

"परभणीला. जनाना डब्यात प्रोफेसरीनबाई हुत्या, सासूबाईंच्या सोवळ्यापायी तिकडं बसलेल्या. सुमनबाई त्यांचं नाव. परभणी येईस्तवर बोलत बसले."

"काय बोललीस?"

"खरं त्येच. म्हनलं, माजा नवरा तोंडाचा वाईट हाय, हाताचा न्हाई. बरनी सांगितली, पाणी सांगितलं. तुमी रोज भांडताना सांगता ना, तेवढं ध्यानात हाय माज्या. बाई म्हनल्या, मालकाच्या कानावर घालते."

वीरभद्राचा चेहरा काळवंडला. "भीक मागून आलीस. माझ्या कामाची तू किंमत घालवलीस."

"किंमत हुती कुठं घालवायला? माडीवर?" ती चुलीकडं वळली.

दोघांमध्ये बोलणं बंद झालं. कल्याणरावाला वाटलं, आता तरी हा दुकानात लक्ष घालील. पण संक्रांतीनंतर हैदराबादेहून बोलावणं आलं. हंगामी जागा, हाताखालचा मदतनीस म्हणून. वीरभद्र दोन दिवस माडीवरून उतरला नाही, मग बरणी फडक्यात गुंडाळून निघाला. बायकोचे आभार त्यानं मानले नाहीत. महिनाभरानं ती हैदराबादेला आली, तीही कल्याणरावानं गाडीत बसवून दिली म्हणून.

प्रयोगशाळेत बायकोच्या शिफारशीची बातमी त्याच्या आधी पोचलेली होती. पाठीमागं त्याला 'जनाना डबा' म्हणत. बन्सीधरनं त्याला कोपऱ्यातली, उन्हं येणारी खोली दिली. उन्हानं पट्ट्या थरथरत, मोजमाप बिघडे. वीरभद्र खिडकीला गोणपाट लावून काम करी. व्यंकटराव त्याच्याशी कधी गोड बोलले नाहीत, पण काम पाहत. पाहुणे आले की त्याला मुद्दाम बोलावत आणि बजावत, "दहा मिनिटं कुणाचा अपमान करू नका." हे त्याला फार झोंबे. चहाचा कप हातात धरून तो भिंतीशी उभा राही आणि घरी येऊन गंगम्मावर भडके, "गुळाला मुंग्या लागाव्यात तसे लागतात लेकाचे एकमेकांना."

"मग तुमी बी लागा की. कामाचं बोलायला काय जातंय?"

पंचेचाळीस साली हैदराबादेत संशोधकांची एक सभा भरली. वीरभद्रानं आपला निबंध वाचला, पहिल्यांदा स्वतःच्या नावानं. पुण्याचे एक प्राध्यापक पहिल्या रांगेत होते. त्यांनी जवळ बोलावून विचारलं, संध्याकाळी भेटाल का? आमच्याकडं एक जागा आहे. तेवढ्यात बन्सीधर उठला.

"मोजमापं बरोबरच असणार," तो सभेकडं वळून म्हणाला. "जनाना डब्यातून पास होऊन आली आहेत."

सभा हसली. वीरभद्राच्या कानशिलात आग उठली.

"तू जोडे पुसत वर चढलास," तो ओरडला. "माझ्या बायकोनं निदान मान वर करून मागितलं!"

पुढंही तो बरंच बोलला, सांगू नये असं. व्यंकटरावांनी त्याला हाताला धरून बाहेर नेलं. संध्याकाळी पुण्याचे प्राध्यापक भेटले नाहीत; प्रकृती बरी नसल्याचा निरोप आला. घरी त्यानं गंगम्माला सगळं सांगितलं.

"पुण्याचं गेलं," ती म्हणाली. "मला लय वाईट वाटायलंय. पर चारचौघांत माज्या बाजूनं बोललात, त्येचं न्हाई."

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात रझाकारांच्या धुमाकुळात प्रयोगशाळा बंद पडली. व्यंकटराव मद्रासला गेले, वीरभद्र बायकोला घेऊन पूर्णेला आला. कल्याणरावानं तागडीकडं बोट दाखवलं, तो बसला. सप्टेंबरात निजामी संपली. थंडी पडू लागली, तेव्हा एका दुपारी बन्सीधर दुकानाच्या पायरीशी येऊन उभा राहिला. प्रयोगशाळा आता त्याच्या ताब्यात होती. चेहरा उतरलेला.

"काम पुन्हा सुरू करायचं आहे," तो म्हणाला. "मोजमाप करणारं कुणी उरलं नाही. तू चल."

वीरभद्र गूळ फोडत राहिला. बन्सीधर पोत्यावर बसला. गिऱ्हाइकं आली, गेली. गंगम्मानं आतून पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

"उत्तरेकडची खोली पाहिजे," दुकान रिकामं झाल्यावर वीरभद्र म्हणाला. "निबंधावर नाव माझं एकट्याचं. आणि पाहुणे आले तर तू त्यांना माझ्याकडं आणायचं, मी तुझ्याकडं येणार नाही."

"कबूल."

"तुझ्या कबूलवर माझा विश्वास नाही. दादासमोर म्हण."

बन्सीधरनं कल्याणरावासमोर पुन्हा म्हटलं. त्याच आठवड्यात वीरभद्र हैदराबादेला गेला. उत्तरेकडची खोली मिळाली, नावही मिळालं. ते दोघं पुढं कितीतरी वर्षं एका छपराखाली काम करत राहिले, आणि वीरभद्र बन्सीधरच्या घरी पाणीसुद्धा प्यायला नाही.