केशवरावांची हरकत

वेरूळच्या लेण्यांवर केशवराव देऊळगावकर एकतीस वर्षं गाईडचं काम करत होते. वडील पोस्टमास्तर. वेरूळच्या अलीकडच्या एका लहान गावात बदलून आले आणि निवृत्त झाल्यावर तिथंच चार खोल्या बांधून राहिले. केशवरावांनीही पुढं शहरात बिऱ्हाड हलवलं नाही. पाठ केलेलं घडाघडा म्हणून दाखवणाऱ्यांतले ते नव्हते. आधी शिल्पातला चेहरा पुरता बघू द्यायचा, मग तोंड उघडायचं, ही त्यांची रीत. एकोणतीस नंबरच्या लेण्यात शंकर-पार्वती सारीपाट खेळतात. पार्वती उठायला निघालीय आणि महादेवानं तिचा हात धरलाय. केशवराव म्हणायचे, "देव हरलाय, आणि काय म्हणतोय बघा. जरा बस, अजून एकच डाव." माणसं हमखास हसायची. कुणीतरी बायकोकडं बघायचं, ती मान वळवायची.

त्यांचा एकुलता एक मुलगा अमेय गोव्याला एका कॅसिनोत टेबलावर पत्ते वाटायचं काम करायचा. त्यांची बायको दमयंतीबाई नातेवाइकांत "हॉटेलात आहे" एवढंच सांगायच्या. वर्षातून एकदा, तेही दोन दिवस, तो घरी यायचा.

तीन वर्षांपूर्वी केशवराव एकटेच त्याच्याकडं गेले होते. मुलगा कुठं काम करतो ते एकदा बघावं म्हणून हट्टानं आत गेले. गालिचा, गार हवा, रांगेनं मांडलेली जुगाराची मशिनं. खिडकी नाही, घड्याळ नाही. एका मशिनापुढं त्यांच्याच वयाचा एक गृहस्थ बसला होता, पांढरा स्वच्छ सदरा, चष्मा, सरळ कुठल्यातरी शाळेचा हेडमास्तर शोभावा असा. तो बटण दाबत होता. मशीन एकदम उजळलं, वाजायला लागलं, म्हणजे तो जिंकला होता. केशवरावांनी त्याच्या चेहऱ्याकडं बघितलं. काहीच हललं नाही. हात तेवढा पुन्हा बटणावर गेला. दगडातल्या तोंडांवर याहून जास्त काही घडत असतं, असं त्यांच्या मनात आलं.

बाहेर आल्यावर त्यांनी अमेयला विचारलं, हे तुला रोज बघवतं कसं.  अमेय म्हणाला, "बाबा, आम्हाला शिकवताना पहिलीच गोष्ट सांगतात. चेहऱ्याकडं बघायचं नाही, हातांकडं बघायचं."

ते वाक्य घेऊन केशवराव परत आले.

गेल्या वर्षी गावच्या शिवारात, लेण्यांच्या रस्त्याला लागून, एका कंपनीनं वीस एकर जमीन घेतली. रिसॉर्ट होणार होतं. कंपनीतर्फे विश्वजित नावाचा शहरातला एक तरुण यायचा. वागायला गोड, म्हाताऱ्यांच्या पाया पडणारा. सगळी बोलणी झाल्यावर त्यानं सांगितलं की रिसॉर्टात एक करमणूक केंद्र असेल, त्यात दीडशे गेमची मशिनं. सगळं रीतसर, सरकारी परवान्यानं. त्यासाठी ग्रामसभेची ना हरकत लागेल. कॅसिनो हा शब्द कुणी काढलाच नाही. तो केशवरावांनी काढला.

त्यांनी हातानं दीड पानी हरकत लिहिली आणि घरोघर फिरले. तेवीस जणांनी सह्या केल्या. पहिला अंगठा कडूबाईचा. ती लेण्यांच्या स्टँडवर सीताफळं आणि पेरू विकायची, नवरा मटक्यापायी वाया जाऊन मेलेला. अंगठा पुसता पुसता ती म्हणाली, "मटका निदान पोलिसाला भिऊन तरी खेळत व्हते, भाऊ. ह्याला पोलीसच दार उघडून देतील."

केशवरावांना वाटलं, आपण दीड पानात जे लिहिलं ते हिनं दोन वाक्यांत सांगितलं.

घरात मात्र वेगळंच चाललं होतं. दमयंतीबाईंनी कुठूनतरी ऐकलं होतं की केंद्रात अनुभवी माणसं घेणार आहेत. म्हणजे अमेय घरी येऊ शकेल, सकाळी जेवून कामाला जाईल, त्याचं लग्न जमेल. त्यांनी वाद घातला नाही. एका दुपारी कणीक मळता मळता खालमानेनं म्हणाल्या, "अहो, लोकांची पोरं तुम्ही वाचवायला निघालात. आपलं एक आहे, ते तिकडंच राहू द्यायचं का?"

 तिथलं काम तिथं जितकं वाईट तितकंच इथंही, असं काहीतरी केशवराव म्हणाले, पण ते त्यांचं त्यांनाच पोकळ वाटलं.

ग्रामसभा मंगळवारी ठेवली, कारण त्या दिवशी लेणी बंद असतात आणि लेण्यांवर पोट असलेली माणसं मोकळी असतात. शाळेच्या पटांगणात मांडव, खुर्च्या, पाण्याच्या बाटल्या, सगळं कंपनीकडून. सरपंच सांडू पाटलांनी केशवरावांना आधी बोलू दिलं. त्यांनी गोव्यातल्या त्या माणसाबद्दल सांगितलं. आयुष्यभर ज्यांनी परक्यांना हसवलं होतं, डोळ्यांत पाणी आणलं होतं, त्यांना आपल्या गावापुढं नीट बोलता येईना. जिंकूनही त्याचा चेहरा हलला नाही, असं त्यांनी सांगितलं तेव्हा मागून कुणीतरी हसलं. जिंकला ना, मग झालं की.

मग विश्वजित उठला. आधी त्यानं केशवरावांना वाकून नमस्कार केला आणि पडद्यावर एक व्हिडिओ लावला. एकोणतीस नंबरचं लेणं. पर्यटकांत उभं राहून कुणीतरी मोबाइलवर घेतलेला. आवाज केशवरावांचा. देव हरलाय, आणि काय म्हणतोय बघा. पटांगण खळखळून हसलं. विश्वजित म्हणाला की ही करमणूक परदेशातून आलेली नाही, ती आपल्या कातळात आहे आणि हे आपल्या गावच्या जाणत्या माणसाच्या तोंडून तुम्ही ऐकलंत.

केशवराव उभे राहिले. त्या गोष्टीत पार्वती निघून जायला उठलीय, ते महत्त्वाचं, असं त्यांना म्हणायचं होतं. सांडू पाटलांनी हातानंच त्यांना बसवलं. म्हणाले, "केशवराव, तुमचं झालंय बोलून. आता गावाला बोलू द्या."

हात वर झाले. सह्या केलेल्यांतलेच कितीतरी. कडूबाईनं खाली बघत हात वर केला. तिच्या सुनेला साफसफाईचं काम देतो म्हणून आदल्या दिवशी निरोप आला होता. बायकांच्या बाजूला दुसऱ्या रांगेत दमयंतीबाई बसल्या होत्या. केशवरावांनी तिकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. दमयंतीबाईंचाही हात वर होता.

हरकत नोंदवून घेतली, असं ठरावात शेवटी एका ओळीत आलं.

आठ महिन्यांत केंद्र सुरू झालं. अमेयला कुणी बोलावलं नाही. त्यानं अर्ज पाठवला होता, उत्तर आलं नाही. दमयंतीबाई महिनाभर रोज म्हणत राहिल्या, विश्वजितला एकदा भेटून तर या. शेवटी केशवराव इस्त्रीचा सदरा घालून गेले. फाटकाबाहेर कडूबाई टोपली घेऊन बसली होती. धंदा कसाय, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "आत जाणारे लई घाईत असतेत. आन् बाहेर येणारे कुणाकडं बघत नाय."

विश्वजितनं त्यांना चहा पाजला, फार आदरानं बोलला. टेबलं ठेवायला परवानगी नाही काका, नुसती मशिनं आहेत, आणि मशिनला पत्ते वाटणारा लागत नाही, असं त्यानं समजावून सांगितलं. केशवराव उठायला लागले तसं तो म्हणाला, "तुमच्यासाठी मात्र काम आहे. संध्याकाळी पाहुण्यांना अर्धा तास लेण्यांबद्दल सांगायचं. तो सारीपाटाचा भाग तर हवाच."

नाही म्हणायला केशवरावांनी तोंड उघडलं. अमेयचं लग्न, दमयंतीबाईंचं तोंड, लेण्यांवर कानात घालून माहिती ऐकायची यंत्रं आल्यापासून गाईड कुणाला लागेनासा झालेला, सगळं एकदम पुढं आलं. विचार करून सांगतो, असं ते म्हणाले.

घरी दमयंतीबाई दारातच उभ्या होत्या. अमेयचं जमत नाही, एवढंच केशवरावांनी सांगितलं. दुसरं काही त्या विचारणार नव्हत्या, आणि आपल्याला देऊ केलेल्या कामाचं केशवरावांनीही काढलं नाही. सदरा काढून त्यांनी खुंटीला लावला. चुरगळला नव्हता, उद्या पुन्हा घालता आला असता.