आगाऊ ‘चुकून’

आमच्या माती तपासणीच्या प्रयोगशाळेत किस्से मातीच्या नमुन्यांसारखेच साठत जातात. पिशव्या कोपऱ्यात पडून राहतात, चिठ्ठ्या गळून पडतात, तरी कुठली माती कुणाच्या रानातली हे सगळ्यांना तोंडपाठ! शुक्रवार पेठेतल्या आमच्या वरच्या मजल्यावर चहा आला, की कुणीतरी एखादी पिशवी सोडतंच. यातली एक पिशवी मात्र माझ्यासमोर कुणी सोडत नाही. म्हणून मीच सोडते.

नमुने आणायला आमची तीन माणसं गाडीवरून एकेकटी रानं फिरतात. आमच्या मालकांनी सांगितलं, सगळ्यांच्या फोनमधली इमर्जन्सीची सोय चालू करून द्या. बाजूचं बटण पाच वेळा दाबलं, की भोंगा वाजतो आणि ठिकाणासकट मदतीचा मेसेज जातो. तो यायचा माझ्या फोनवर, कारण मी ऑफिसात बसणारी. मी छोटंसं भाषणही ठोकलं. “रानात कुणी नसलं तरी मी आहे. तुम्ही फक्त बटण दाबा!”

टाळ्या पडल्या.

*

पहिला मेसेज अंबादासचा. करमाळ्याच्या रस्त्यावरून. मी घाबरून फोन लावला.

“काय न्हाय मॅडम, पँट टाइट हाय. खड्डा आला की बटण दबतंय.”

दुपारपर्यंत असे सात मेसेज आले. आठव्याला मी वैतागून विचारलं, “आता काय?”

“आता खड्डाच लई मोठा हुता, मॅडम. ह्यो मेसेज खरा धरा!”

*

मुश्ताकभाई नमुन्यासाठी खड्डा घेताना फोन बांधावर ठेवतात. एकदा भोंगा असा वाजला, की शेताचा मालक कुदळ टाकून घराकडे पळाला.

“मॅडम, मैं नै दबाया. बकरी दबाई!”

“पाच वेळा?” मी म्हटलं. “बकरीला पाय तर चारच असतात.”

“पाँचवीं बार मुँह मारी ना, मॅडम!”

*

शेवटी मी नियम केला. चुकून दबलं, तर दोन मिनिटांत ग्रुपवर ‘चुकून’ असं टाकायचं. ते आलं नाही, तर मी फोन करणार, आणि फोन लागला नाही, तर माणूस पाठवणार.

कांबळे आमच्यात सगळ्यात शिस्तीचे. त्यांच्या फोनचं बटण सैल झालेलं, उगाच दबायचं. एके दिवशी सकाळी आठ वाजताच त्यांचं ‘चुकून’ आलं. मी फोन केला.

“कांबळे, अहो मेसेज तर आलाच नाही!”

“येणार की, मॅडम, दिवसभरात. आगाऊ टाकून ठेवलं!”

ऑफिस तीन दिवस हसत होतं. मग ती पद्धतच पडली. गुड मॉर्निंगच्या जागी तिघांचं ‘चुकून’ येऊ लागलं. मी तिथंच थांबवायला हवं होतं. मी रोज खाली हसरा चेहरा टाकत होते.

*

कांबळे वेळापूरला गेले त्या दिवशीही त्यांचं ‘चुकून’ सकाळीच येऊन पडलं होतं.

दीड वाजता मेसेज आला. माझा डबा उघडलेला होता. नाव बघितलं आणि फोन उलटा ठेवला. परत वाजला. परत वाजला. चौथ्या वेळी मी आवाज बंद केला आणि शेंगाचटणीवर तेल घेतलं.

पाटाच्या कडेनं जाताना त्यांची गाडी घसरली होती आणि पाय गाडीखाली अडकला होता. दोन्ही बाजूंना ऊस. चार वाजता गवताला आलेल्या एका बाईला भोंगा ऐकू गेला. पाय दोन ठिकाणी मोडला होता.

दुसऱ्या दिवशी मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, आता बोलतील. बोलले असते तर बरं झालं असतं.

“साहेबांना जाऊन अजून वर्ष झालं नाही,” ते म्हणाले. “तुमचं लक्ष कसं असणार, मॅडम?”

माझे यजमान गेले त्याला तेव्हा आठ महिने झाले होते. बाहेर आले, तर अंबादासही तेच म्हणाला, मुश्ताकभाईही. मी पदरानं डोळे पुसले आणि त्यांचं म्हणणं राहू दिलं.

त्या दुपारी मला यजमानांची आठवण आली नव्हती. मी जेवत होते.

*

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले. कांबळेंचा पाय प्लास्टरमध्ये, वर बांधलेला. रिक्षात घोकलेलं सगळं विसरले. एवढंच म्हटलं, “कांबळे, मेसेज मी बघितले होते. चारही.”

ते म्हणाले, “सकाळी मीच लिवलं हुतं की, मॅडम.” आणि लगेच, “तुमी बी आता घरात एकट्याच. तुमच्या फोनात कुणाचा नंबर हाय?”

“आहे एक.”

“चालतोय का बघू.” माझा फोन मी त्यांच्या उशाशीच ठेवला होता. मी नको म्हणेपर्यंत त्यांनी पाच वेळा बटण दाबलं.

भोंगा वाजला. सगळा वॉर्ड आमच्याकडे वळून बघू लागला. भोंगा थांबला, आणि माझ्या पर्समध्ये दुसरा फोन वाजला.

यजमानांचा. मी तो रोज चार्ज करते.

काढून बघितलं. माझ्याच नावानं मेसेज आला होता. ‘मला मदत हवी आहे.’

कांबळेंनी तो फोन बघितला, मग माझ्याकडे बघितलं. माझ्या फोनवर बराच वेळ अंगठा फिरवला आणि तो परत दिला.

“माजा नंबर टाकलाय. सायबांचा बी ऱ्हाऊ दिलाय, खाली.”

मी दोन्ही फोन पर्समध्ये ठेवले.

“कवाबी दाबा,” ते म्हणाले. वर बांधलेल्या पायाकडे त्यांनी एकदा बघून घेतलं. “तेवढं दोन महिने जरा आगाऊ दाबा, मॅडम. पोचायला येळ लागंल!”