कंदिलावरच्या पाकोळ्या

शिरपूरच्या आमच्या ओट्यावर माझी जाऊ रोज दिवेलागणीला कंदील टांगायची. टांगायची नवऱ्यासाठी, आणि यायच्या मात्र पाकोळ्या. माझे मोठे दीर लढाईत मोटार चालवायला ब्रह्मदेशाकडे गेले होते आणि भादव्यापासून त्यांचं पत्र नव्हतं. नरडाण्याला गाडीतून उतरून अंधारात पायी आले, तर घर दिसावं, एवढंच तिच्या मनात. ज्या घरात जन्मले त्या घराची वाट चुकायला ते काही पाहुणे नव्हते, पण हे तिला सांगणार कोण! लढाईमुळे घासलेट मिळेनासं झालं होतं. सासूबाई धुसफुसत, तरी कंदील उतरवायला त्यांचाही हात कधी गेला नाही.

माझं दुसरं बाळंतपण नुकतंच झालेलं. चैत्राचा उकाडा असा, की घरात जीव घुसमटायचा. मी तान्ह्याला घेऊन ओट्यावर बसायची. अक्का, म्हणजे माझी जाऊ, रस्त्याकडे बघायची आणि मी पाकोळ्यांकडे. राखाडी, पिवळट, एखादी कडुनिंबाच्या कोवळ्या पाल्यासारखी हिरवी. काचेवर टकटक आपटायच्या, पडायच्या, पुन्हा उठायच्या. भिंतीवरच्या पालीचं आयतंच पोट भरायचं. मला त्यात गंमत वाटायची. तिच्या शेजारी बसून गंमत वाटून घेणं वाईट, हे कळायचं, तरी मी बघायची. दिवसभराच्या कामातून माझं असं तेवढंच होतं.

एकदा पंखांवर डोळे असलेली एक मोठी तपकिरी पाकोळी आली. काचेवर आपटली नाही, दाराच्या चौकटीवर शांत बसून राहिली. सासूबाईंनी ती पाहिली आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढला. घरातलं गेलेलं माणूस अशा रूपानं येऊन बसतं, असं आमच्याकडे म्हणतात. अक्का उठली आणि पदराच्या टोकानं तिला हाकलू लागली. पाकोळी फिरून तिथेच बसायची. शेवटी अक्कानं ती मुठीत धरून अंगणापार नेऊन सोडली. परत आल्यावर हाताला लागलेली भुकटी लुगड्याला पुसत म्हणाली, "येनार व्हई ते चालत यी."

वैशाखात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आखाजीला लेकी माहेरी जातात. मीही दरवर्षी रावेरकडे जायची, त्यामुळे सासरची आखाजी मी कधी पाहिलीच नव्हती. त्या वर्षी तान्ह्यामुळे मी राहिले, आणि कंदिलामुळे अक्का. कुंभारीण दारात आली तेव्हा सासूबाई नदीवर होत्या. किती घागरी आणू, असं तिनं विचारलं. आमच्या माहेरी मातीची घागर पाझरली तर ऐन वेळी पंचाईत नको म्हणून एक जास्तीची घेतात. मी मोठ्या शहाणपणानं सांगितलं, दोन.

ह्या घरात आखाजीला एकच घागर भरली जायची, सासऱ्यांच्या नावाची. जितकी गेलेली माणसं, तितक्या घागरी. कुंभारणीला हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत. तिनं मला काही विचारलं नाही, वाईट वाटल्यासारखी मान तेवढी हलवली. दुसऱ्या दिवशी आम्ही आत सांजोऱ्या तळत असताना ती दोन घागरी ओट्यावर ठेवून गेली.

अक्का बाहेर गेली ती आत येईना, म्हणून मी पाहायला गेले. ती घागरींसमोर उकिडवी बसली होती. मला म्हणाली, "तुले कोनी सांगं?"

मला आधी कळेचना. कळलं तेव्हा मी तिच्याजवळ जमिनीवरच बसले. मी पुन्हा पुन्हा सांगितलं, की आमच्याकडे तशी पद्धत आहे, घागर पाझरते म्हणून मागवली, मला कोणी काही सांगितलेलं नाही. पोराची शपथ घेतली. तिनं सगळं ऐकून घेतलं. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी एक शब्द बोलायचा होता, पण त्या बोलल्या नाहीत. मग आम्हा सगळ्यांकडे बघत अक्का अगदी हळू म्हणाली, "बठ्ठास्ले माहीत शे. मालेच माहीत नव्हतं."

तिनं दोन्ही घागरी स्वतः भरल्या. त्या संध्याकाळी कंदील टांगला नाही. मी अंधारात पोराला मांडीवर घेऊन बसले आणि मनातल्या मनात दिरांना हाका मारत राहिले, की या हो भाऊ, एकदा या आणि मला खोटी पाडा.

दीड वर्षानं सरकारी कागद आला. भाऊ नदी ओलांडताना गेले होते, त्या भादव्यातच. अक्कानं कागद वाचूनही घेतला नाही, त्यांची घागर कधीच भरून झाली म्हणाली आणि गोठ्यात निघून गेली. सासूबाई हंबरडा फोडून रडल्या. मीही रडले. पण आता लपवून काय करायचं, त्या रात्री कितीतरी दिवसांनी मला गाढ झोप लागली.