गाभण असेल तर टोचायचं नाही

सासूबाईंना मी सांगितलं होतं, डेअरीत डॉक्टर आहे म्हणून. गुरांची डॉक्टर होते हे खरंच. पण दुबईबाहेर अल ऐनच्या रस्त्यावरच्या आमच्या गोठ्यातल्या गायी दुधाच्या नव्हत्या, मांसाच्या होत्या. हे आमच्या घरात उच्चारणार कोण? त्या दुबईत आमच्याकडे, अल कुसैसला, राहायला आल्या तेव्हापासून मी सुपरमार्केटातलं दूध स्टीलच्या किटलीत ओतून 'आमच्या डेअरीचं' म्हणून आणायची आणि त्या भक्तिभावाने त्याचा नैवेद्य दाखवायच्या. नवरा खाली मान घालून हसायचा. मंदीत त्याची बिल्डरकडची नोकरी गेली आणि ते हसणंही गेलं.

घर माझ्या पगारावर आलं आणि नेमके तेव्हाच मला दिवस गेले. काय म्हणावं नशिबाला! इतकी वर्षं औषधं, उपास, बर दुबईच्या देवळात ओट्या, सगळं करून आम्ही हात टेकले होते. सासूबाईंनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, रडल्या, आणि डोळे पुसायच्या आत दंडक घातला, "तीन महिने कुणापुढे बोलायचं नाही. दृष्ट लागते. ऑफिसात तर मुळीच नाही."

मलाही ते बरंच वाटलं. गोठ्यावर रोज कुणाला तरी 'खलास', नोकरी संपली, म्हणून घरी धाडत होते. पोटुशी बाई कोण ठेवून घेतो? म्हणजे घरी गोठा लपवायचा आणि गोठ्यात पोट.

आमचा कळप परदेशी वळूंच्या बीजाचा, पिढ्यान्‌पिढ्या वजनासाठी निवडलेला. वासरं बघता बघता अंगानं भरत. पण अंग भरलं म्हणजे गर्भ धरतोच असं नाही, आणि त्यात तिथला उन्हाळा. कालवडी माजावर यायच्याच नाहीत, आल्या तर आज ही, परवा ती. म्हणून सगळ्यांना एक हार्मोनचं इंजेक्शन द्यायचं. मग त्या एकदमच माजावर येतात आणि कृत्रिम रेतन उरकून घेता येतं. मात्र गाभण गाईला तेच टोचलं तर ती गाभडते, गर्भ पडतो. म्हणून आधी खांद्यापर्यंत हात घालून एकेक तपासायची, गाभण निघाली की पाठीवर लाल खूण करून सोडून द्यायची. बाईमाणसालाही तोच धोका. औषध कातडीतून आत जातं, गरोदर बाईनं बाटलीला हातसुद्धा लावू नये. मी फक्त तपासायची. टोचायचं काम माझ्याबरोबरच्या इजिप्तच्या डॉक्टरचं होतं आणि त्यालाच एके दिवशी खलास म्हणून काढून टाकलं.

"यल्ला, चलो डॉक्टर, अब सब आप ही करो," मॅनेजर म्हणाला.

त्या संध्याकाळी मी कणीक मळता मळता विषय काढला. "आई, ऑफिसात सांगावं लागेल हो."

"का गं? तू काय बादली घेऊन धारा काढायला बसतेस?"

मी नवऱ्याकडे बघितलं. तो पेपरातल्या नोकरीच्या जाहिरातींत तोंड खुपसून बसला होता.

मग जाड हातमोजे मागितले, तर स्टोअरवाल्याने पातळच दिले, म्हणे जाड आता मागवत नाहीत. दोन-दोन चढवले. निम्म्या कालवडी नीट पार पडल्या. मग एकीनं खोड्यात अशी काही उसळी मारली की सिरिंज लोखंडी दांड्यावर आपटून फुटली, हातमोजे फाटले आणि औषध तळव्यावर सांडलं. मी नळाकडे धावले. साबणानं हात घासत राहिले, कातडी सोलेपर्यंत. मॅनेजर लांबून ओरडत होता, "क्या हुआ डॉक्टर? यल्ला!"

दोन दिवसांनी पोटात कळा सुरू झाल्या. हॉस्पिटलातली मल्याळी डॉक्टरीण भली होती. म्हणाली, सुरुवातीला कधी कधी गर्भ असा पडतो, त्याचं कारण कळतच नाही. तिने विचारलं, काम कुठे करता? सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. मी म्हणाले, "डेअरीत." तिने मान हलवली.

त्याच दिवशी गोठ्यावरून फोन आला. कळप ठरल्याप्रमाणे माजावर आला होता, रेतनाला कधी येता? मी फोन नवऱ्याकडे दिला.

घरी आल्यावर सासूबाईंनी मऊ भात करून आणला. ताट पुढे ठेवलं, पण त्यांच्याच्याने राहवेना. डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "खरं सांग, तू तिथे कुणाला तरी बोललीस ना?"

"नाही हो आई," मी म्हणाले. "कुणालाच नाही सांगितलं."