कॅटलॉग उघडला, पण नक्की कशामुळं?

मंडळी, कॉम्प्युटरमधलं कळणाऱ्यांनी जरा सांगा. मी दुपारपासून चक्रावून गेलेय.

माधवनगरात आमचं पडद्यांचं छोटं दुकान आहे. आज उंब्रजहून एक मावशी आल्या. त्यांचा फौजेतला मुलगा उद्या सुट्टीवर येतोय, त्याच्या खोलीला नवे पडदे हवे होते. डिझाइन दाखवायला मी पेनड्राइव्हवरचा पीडीएफ कॅटलॉग उघडायला घेतला. फाइल भली मोठी. स्क्रीनवर नुसतं चक्र फिरत राहिलं.

"पोरी, माझी यष्टी जाईल की गं," म्हणत मावशी उठल्या. "ऱ्हाऊ दे, दुसरीकडं बघती."

घाईघाईत मी फाइल डेस्कटॉपवर कॉपी केली. तेवढ्यात माझ्या नवऱ्यानं माउस ओढून घेतला आणि ती नेहमीच्या सॉफ्टवेअरऐवजी ब्राउझरमध्ये उघडली. पानं झरझर सरकायला लागली! मावशी परत बसल्या. मोरपंखी पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "ह्योच. माझ्या लेकराला ह्यो रंग लय आवडतो."

पडदे घेऊन त्या खुशीत गेल्या आणि आमचा वाद सुरू झाला. हे म्हणतात ब्राउझरमुळं जमलं. मी म्हणते कॉपी केल्यामुळं.

खात्री करायला तीच फाइल पुन्हा पेनड्राइव्हवरून, जुन्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडली. तर लगेच उघडली! म्हणजे दोघांचंही म्हणणं खरं नाही की काय?

उद्या गिऱ्हाईक समोर असताना पुन्हा अडली, तर आधी काय करायचं? तुमच्याकडं असं कधी झालंय का?